एकाच शेअरचे तीन चार्ट: सौदा घेताना या चुका टाळा

समजा खात्यात 2 लाख रुपये आहेत आणि एका सौद्यात 1 टक्का, म्हणजे 2,000 रुपयांपेक्षा जास्त घालवायचे नाहीत असं ठरलंय. 840 रुपयांच्या शेअरला 5 मिनिटांच्या चार्टवर (यात दर 5 मिनिटांच्या चढउताराची एक उभी पट्टी, म्हणजे कँडल असते) ब्रेकआउट दिसला, म्हणजे भाव अडलेल्या पातळीच्या वर निघाला. स्टॉपलॉस, म्हणजे तोटा आवरायला बाहेर पडायचा भाव, 834 ला. जोखीम 6 रुपये. 2,000 भागिले 6, म्हणून 333 शेअर. इंट्राडेत, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकायच्या सौद्यात, मार्जिन (थोड्या पैशांत मोठी खरेदी करायची ब्रोकरची सवलत) मिळतं, त्यामुळे 2,79,720 रुपयांची खरेदी होऊनही जाते. इथपर्यंत हिशोब चोख आहे.

भाव 834 ला टेकला की हात आखडतो. घाईघाईने डेली चार्ट उघडला जातो, तिथे 818 ला सपोर्ट, म्हणजे घसरण थांबू शकेल अशी पातळी दिसते. मग "816 तुटला तर निघू" म्हणून स्टॉपलॉस खाली सरकतो. 816 ला तोटा होतो 7,992 रुपये, ठरवल्याच्या जवळजवळ चौपट. पोझिशन डिलिव्हरीत (पूर्ण पैसे भरून शेअर खात्यात ठेवणं) वळवावी तर पूर्ण 2,79,720 रुपये लागतात आणि खात्यात तेवढे नाहीत. शेवटी बाजार बंद व्हायच्या आधी ब्रोकरच ती मिळेल त्या भावात कापतो.

क्वांटिटी एका चार्टची, स्टॉपलॉस दुसऱ्याचा

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. डेलीवरच्या सपोर्टवर खरंच भरवसा असेल तर तो आधीच हिशोबात धरा. जोखीम 24 रुपये, 2,000 भागिले 24, म्हणजे 83 शेअर, साधारण 70,000 रुपयांचे. हे डिलिव्हरीत घेता येतात, रात्रभर ठेवता येतात आणि 816 तुटला तरी तोटा 2,000 च्या आतच राहतो. सकाळी मोठा गॅप पडून, म्हणजे कालच्या बंद भावापासून एकदम उडी घेऊन, भाव 816 च्याही खाली उघडला तर तोटा वाढेल, हे मात्र डिलिव्हरीत गृहीत धरावंच लागतं.

खरेदीआधी वहीत तीन गोष्टी लिहा: दिशा कोणत्या चार्टवर पाहिली, एंट्री कोणत्या चार्टवर घेतली आणि कुठल्या चार्टवरचा कोणता भाव तुटला की बाहेर पडायचं. सौदा चालू असताना या तिन्हींशिवाय चौथा चार्ट उघडायचा नाही. स्टॉपलॉस डोक्यात ठेवू नका, एंट्रीबरोबर ऑर्डर टाका. आपल्याकडे ऐन दुपारी लाइट जाते, नेटवर्कही जातं, पण एक्स्चेंजकडे पोहोचलेली ऑर्डर चालूच राहते. नेहमीची स्टॉपलॉस ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते, म्हणून रात्रभर ठेवलेल्या शेअरला जीटीटी (ठरवलेला भाव येईपर्यंत अनेक दिवस टिकणारी ऑर्डर) लावा किंवा सकाळी ऑर्डर पुन्हा टाका.

5, 10 आणि 15 मिनिटं म्हणजे तीन चार्ट नव्हेत

हे तिन्ही जवळजवळ एकच गोष्ट सांगतात, त्यामुळे "तिन्ही चार्ट जुळले" हा दिलासा खोटा ठरतो. दोन टाइमफ्रेममध्ये (एका कँडलचा कालावधी) चार ते सहा पटींचं अंतर हवं. आपला बाजार 9:15 ते 3:30, म्हणजे 375 मिनिटं चालतो. त्याचे 75 मिनिटांचे बरोबर पाच भाग पडतात. आठवड्याचे पाच दिवस, दिवसाच्या 75 मिनिटांच्या पाच कँडल, त्या प्रत्येकीत 15 मिनिटांच्या पाच, अशी पाचपटीची उतरंड आपोआप मिळते. काही दिवस शेअर ठेवणाऱ्याला वीकली, डेली आणि 75 मिनिटं पुरतात. इंट्राडेवाल्याला डेली, 75 आणि 15.

एक तासाच्या चार्टमध्ये खोट आहे. सहा कँडल पूर्ण तासाच्या आणि सातवी, 3:15 ची, फक्त 15 मिनिटांची. त्या छोट्या कँडलचा व्हॉल्यूम (किती शेअरचे सौदे झाले तो आकडा) आधीच्या तासाशी ताडून "खरेदी आटली" असं म्हणणं चुकीचं. दिवाळीच्या मुहूर्ताच्या सौद्यांचंही तसंच. तो बाजार तासाभराचा, पण डेलीवर त्याची अख्खी कँडल उमटते.

3 आणि 5 मिनिटांवरच खेळणाऱ्यांनी एक आकडा ध्यानात ठेवावा. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या जुलै 2024 च्या अभ्यासानुसार 2022-23 मध्ये कॅश बाजारात इंट्राडे करणाऱ्या दर 10 जणांपैकी 7 तोट्यात होते आणि वर्षाला 500 पेक्षा जास्त सौदे करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण 80 टक्क्यांवर गेलं. चार्ट जितका लहान तितके सिग्नल जास्त, आणि प्रत्येक सिग्नलला ब्रोकरेज नि कर लागतातच.

मंगळवारची वीकली कँडल

मृगाच्या पहिल्या सरीवर पेरलं की दुबार पेरणीची वेळ येते, हे मराठवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होईपर्यंत थांबा, वाफसा येऊ द्या, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. अर्धवट कँडल ही तशीच पहिली सर. मंगळवारी हिरवीगार दिसणारी वीकली कँडल शुक्रवारी 3:30 पर्यंत लाल होऊ शकते. दिशा ठरवताना नेहमी आधीची, बंद झालेली कँडल धरा.

मागच्या चार्टवर पद्धत झकास चालते आणि लाइव्हमध्ये सिग्नल उमटून गायब होतो, याचंही कारण बहुतेक वेळा हेच. खालच्या (लहान टाइमफ्रेमच्या) चार्टवर लावलेला इंडिकेटर, म्हणजे भावावरून काढलेली रेघ किंवा आकडा, वरच्या (मोठ्या) चार्टची चालू कँडल वाचत असतो. सेटिंगमध्ये टाइमफ्रेमची कँडल बंद होईपर्यंत थांबण्याचा पर्याय निवडा, मग पुन्हा तपासा.

इंडिकेटरचा आकडा सगळीकडे तोच ठेवला तरी अर्थ बदलतो. 20 ईएमए (शेवटच्या 20 कँडलची, ताज्या भावांना जास्त वजन देणारी सरासरी) डेलीवर साधारण महिन्याची सरासरी दाखवतो, 15 मिनिटांवर फक्त पाच तासांची.

स्टॉपलॉस उडतो आणि भाव लगेच आपल्या दिशेने पळतो

एंट्रीचं कारण 75 मिनिटांवरचं आणि स्टॉपलॉस 5 मिनिटांच्या कँडलखाली, असं असलं की हे होणारच. ज्या चार्टवर कारण सापडलं त्यावर 14 चा एटीआर, म्हणजे 14 कँडलमधल्या हेलकाव्याची सरासरी, लावा. तो 11 रुपये असेल तर 6 रुपयांचा स्टॉपलॉस नेहमीच्या हेलकाव्यातच उडतो. जागा वाढवा आणि त्या प्रमाणात शेअर कमी करा.

सगळं जुळेपर्यंत भाव निघून जातो

इथे समजुतीतच गफलत असते. वीकली आणि डेली वर जात असताना 75 मिनिटांचा चार्टही हिरवा व्हायची वाट पाहिली तर खरेदी नेमकी शेंड्यावर होते. चांगली एंट्री येते तेव्हा खालचा चार्ट उतरत असतो. भाव डेलीच्या 20 ईएमएजवळ यावा, 75 मिनिटांवर घसरण थांबावी आणि एखादी कँडल आधीच्या कँडलच्या उच्चांकाच्या वर बंद व्हावी. तेवढं झालं की आत.

आत शिरण्याआधी वीकलीवरचा रेझिस्टन्स (भाव वर जाताना अडू शकेल अशी पातळी) लहान चार्टवर आडव्या रेघेने उतरवून घ्या. 24 रुपयांची जोखीम घेताना तो किमान 48 रुपये लांब हवा, म्हणजे 840 च्या खरेदीला 888 पर्यंत वाट मोकळी असावी. 855 लाच रेघ आडवी येत असेल तर तो सौदा सोडा. वीकली खाली आणि डेली वर असेल तरी सोडा, शुक्रवारची कँडल बंद झाल्यावर पुन्हा पाहता येतं.