शैक्षणिक खेळांवर संशोधन करताय? पीपीटी ठेवा बाजूला, खेळ घेऊन जा

जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये गणिताच्या खेळांवर प्रोजेक्ट करत असाल तर नुसत्या पीडीएफ फॉरवर्ड करत बसू नका, समक्ष भेटा. आधी गटशिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्या, मग केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांच्या गटाचे, म्हणजे केंद्राचे अधिकारी) विचारून शिक्षण परिषदेत, म्हणजे शिक्षकांच्या बैठकीत, वीस मिनिटं मागा, तिथे केंद्रातल्या बऱ्याच शाळांचे शिक्षक एकत्र भेटतात. आणि भाषण नको, सतरंजीवर पट मांडा, पत्ते हातात द्या, दोन डाव होऊ द्या. आमच्या अपूर्णांकाच्या खेळात एका बाईंनी एक तृतीयांश आणि एक चतुर्थांशचे पत्ते शेजारी ठेवले आणि स्वतःच म्हणाल्या, "चार मोठा म्हणून पोरं हाच मोठा धरतात बघा!" बस्स, पुढचं सगळं बाकीच्या शिक्षकांनीच विचारलं.

पालकांना तर अजिबात विसरू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालकच असतात, त्यांना शेतातली कामं उरकल्यावर संध्याकाळी भेटा. "खेळून अभ्यास बुडणार नाही ना?" हे विचारणारच, तेव्हा त्यांनाही एक डाव खेळवा. संमतीपत्र मराठीत ठेवा, मोठ्याने वाचून दाखवा, आणि काय सापडलं ते सांगायला त्याच सतरंजीवर परत जा.