गिऱ्हाईक, खरेदीदार की पाहुणा? स्पॅनिशमध्ये कुणाला काय म्हणावं

रत्नागिरीहून स्पेनला, विगोच्या व्यापाऱ्याकडे म्हाकूल पाठवायचं असो की मालवणच्या होमस्टेसाठी स्पॅनिश पाटी रंगवायची असो, शब्दकोशात पहिला दिसेल तो शब्द उचलू नका. माणूस त्या घडीला करतोय काय, ते आधी बघा.

रोजच्या धंद्यातलं गिऱ्हाईक म्हणजे 'क्लिएंते'. पत्राची सुरुवात 'एस्तिमादो क्लिएंते', बाईंना लिहायचं तर 'एस्तिमादा क्लिएंता'. अडलात तर हाच शब्द वापरा, सहसा फसवत नाही.

कागदपत्रांत मात्र त्याने भागत नाही. करारात विकणारा 'बेन्देदोर' आणि घेणारा 'कोम्प्रादोर'. तोच घेणारा बँकेत लेटर ऑफ क्रेडिट (विकणाऱ्याला पैसे मिळण्याची बँकेची लेखी हमी) उघडायला गेला की 'ओर्देनान्ते' होतो आणि तुम्ही 'बेनेफिसिआरिओ'. खरा घोळ होतो 'कोन्सिग्नातारिओ'वर. शिपिंगच्या कागदावर त्या रकान्यात माल ताब्यात घेणाऱ्याचं नाव येतं, पण स्पेनच्या बंदरात त्याच शब्दाने जहाजाचा एजंटही ओळखला जातो. ईमेलमध्ये नुसतं 'कोन्सिग्नातारिओला कळवा' लिहिलंत तर निरोप भलत्याच टेबलावर जायचा. तिथे 'देस्तिनातारिओ' लिहा आणि पुढे पार्टीचं पूर्ण नाव टाका.

काजूच्या पाकिटावर खाणाऱ्याला उद्देशून मजकूर असेल तर 'कोन्सुमिदोर'. (काजूलाही देशागणिक नाव वेगळं: स्पेनमध्ये 'आनाकार्दो', मेक्सिकोत 'नुएस दे ला इंदिया'.)

होमस्टेत पैसे देऊन राहणारा तो 'वेस्पेद', बाई असो वा बाप्या. लिहिताना सुरुवातीला एच येतो, पण तो मुका. पहिल्या ई वरची तिरकी रेघ विसरू नका. पाहुणा म्हणून 'इन्बितादो' लिहिलंत तर ते झालं आमंत्रण. मग निघताना बिल कसं पुढे करणार? मुक्काम न करता नुसता माशाचं ताट जेवायला आलेला 'कोमेन्साल'.

लॅटिन अमेरिकेतले बाजारी शब्द जपून वापरा. पेरूच्या मंडईत भाजीवाली आणि तिचं नेहमीचं गिऱ्हाईक एकमेकांना 'कासेरा', 'कासेरो' म्हणतात. मेक्सिकोत त्या जागी 'मार्चांते'. पण स्पेनमध्ये 'कासेरो' म्हणजे घरमालक. माद्रिदहून आलेल्या पाहुण्याला तशी हाक मारलीत तर भाडं कुणी कुणाला द्यायचं, असा प्रश्न पडेल. पाटीवर 'कोमिदा कासेरा' मात्र खुशाल लिहा: ते घरगुती जेवण.