कोनसेट बदलायला बसण्याआधी

खालच्या कोनाखालचं रबरी सील. बाकी काहीही विसरलात तरी संध्याकाळपर्यंत निस्तरता येतं, हे नाही. गेल्या मे महिन्यात माझ्या २००६ च्या स्प्लेंडर प्लसचा कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग (वर-खाली एकेक वाटी, एकेक कोन आणि मध्ये छर्रे, म्हणजे पोलादी गोळ्या), मी घरीच बदलायला घेतला. तासभर ठोकाठोकी करून खालचा कोन बसवला, हात पुसले, चहा सांगितला आणि बघतो तर सील वर्तमानपत्रावर तसंच पडलेलं. ते कोनाच्या खाली जातं, म्हणजे कोनाच्या आधी. आता कोन उतरवायचा तर छिन्नीने त्याची वाट लागणार, म्हणून म्हटलं जाऊ दे, एका रबराने काय होतंय. पावसाळ्यात दोनदा वरंध घाट झाला आणि दिवाळीला हँडल पुन्हा मध्यावर अडकायला लागलं. उघडलं तर खालच्या वाटीत ग्रीस कमी आणि चिखल जास्त.

तर आता दुसऱ्यांदा. आधी कोनसेटच गेलाय ना, ते बघून घ्या. गाडी डबल स्टँडवर, कुणाला तरी मागे बसवून पुढचं चाक अधांतरी, आणि दोन बोटांनी हँडल हळूहळू फिरवा. अगदी सरळ आल्यावर खाचेत पडल्यासारखं थांबलं, तर गेला. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे छर्रे एकाच जागी राहतात आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा त्याच जागेवर हाणतो. वाटीत खळगे पडतात. ते ग्रीसने भरत नाहीत आणि नट आवळूनही जात नाहीत. ‘आवळून देतो’ म्हणणाऱ्याला नको म्हणा. खाच नाही, नुसतीच खटखट आहे, तर मात्र खरंच आधी आवळून बघा, आणि चाकाचं बेअरिंगही हलवून बघा. उगाच सगळी गाडी उघडू नका.

सामान. पूर्ण सेट घ्या: दोन वाट्या, दोन कोन, छर्रे. नुसते छर्रे बदलण्यात अर्थ नाही, खळगे वाटीत असतात. पुण्याच्या नाना पेठेत काउंटरवरच डबी उघडा आणि आत सील आहे का बघा. माझ्या डबीत नव्हतं, ते मी वेगळं मागून आणलं होतं, आणि आणूनही विसरलो, ही त्यातली मजा. जुनं सील ‘बरं आहे’ वाटलं तरी परत घालू नका, काठ वाकवून बघा, भेगा दिसतील.

हत्यारांत हुक पाना हवाच. छिन्नी-हातोडीने फिरवलेल्या रिंग नटाच्या (कोनसेट आवळणारा खाचांचा गोल नट) खाचा एकदा बघा म्हणजे कळेल का. शिवाय लांब लोखंडी सळई, आणि कोन ज्यावर बसतो त्या दांड्यावर सैल सरकेल पण कोनाच्या आतल्या कडेवरच टेकेल असा पाईपचा तुकडा. मापासाठी जुना कोन घेऊन लेथवाल्याकडे जा. बेअरिंगचं ग्रीस, रॉकेल, चिंध्या, इंजिनखाली लाकडी ठोकळा. मोबाइल हाताशी, वायझर (हेडलाइटभोवतीचं कव्हर) काढण्याआधी वायरींचे फोटो. आणि सील. ते मी आता दोऱ्याने पाईपच्या तुकड्यालाच बांधून ठेवलंय, म्हणजे पाईप उचलला की सील हातात येतं.

उघडताना चाक, मडगार्ड, वायझर. हँडल केबलींसकट टाकीवर, खाली जाड गोधडी. शॉकअप काढले की उभेच ठेवा, आडवे केले की तेल सांडतं. रिंग नट सोडताना एक हात खालच्या टीला (शॉकअप धरणारा, दांडा असलेला भाग), आणि खाली परात. छर्रे पडणारच. वरचे वेगळे, खालचे वेगळे मोजून लिहा. कागदावर, मनात नाही. नवे बसवताना तोच आकडा. जागा दिसते म्हणून एक जास्तीचा कोंबायचा नाही, छर्ऱ्यांना फिरायला थोडी फट लागते.

जुन्या वाट्या आतून सळईने, एकदा या बाजूला एकदा त्या बाजूला ठोकत. एकाच बाजूला ठोकलं की वाटी तिरकी होऊन अडकते. नव्या वाट्या रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवल्या तर सोप्या बसतात (घरी आधी विचारा, मटारांशेजारी ग्रीसचा वास चालत नाही). वर जुनी वाटी ठेवून ठोका, छर्ऱ्यांच्या वाटेवर हातोडी लागता कामा नये. आवाज बदलून ठस्स झाला की वाटी टेकली.

आता खालचा कोन. थांबा. हातोडी खाली ठेवा. सील घातलं? दांड्यावर आधी सील, मग कोन. जुनं ज्या तोंडाने होतं त्याच तोंडाने, म्हणून त्याचाही फोटो. घरातल्या कुणाला तरी बोलावून विचारा, ‘इथे काळं रबर दिसतंय का?’ हो म्हणाले तरच पहिला ठोका.

पुढचं पटापट. वाट्यांत भरपूर ग्रीस, छर्रे त्यात चिकटून राहतात, टी सरळ वर. रिंग नट घट्ट, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच-सहा वेळा, मग सैल, मग फक्त खटखट जाईपर्यंत. वरचा मोठा नट आवळला की सगळंच थोडं आवळतं, म्हणून परत तपासा. जास्त घट्ट झालं तर हळू चालवताना गाडी डोलते. हँडल वळवून बघा, केबली ओढल्या जात नाहीत ना.

चाक लावताना ब्रेक प्लेटची खाच शॉकअपच्या खुंटीत बसलीच पाहिजे. नाही बसली तर पहिल्याच ब्रेकला प्लेट फिरेल आणि तुम्ही रस्त्यावर. स्पीडोमीटरची केबल, ॲक्सल, झालं. दोनशे-एक किलोमीटरनंतर रिंग नट पुन्हा बघा, थोडा सैल झालेला असतो.