सारा लुंडला भेटायचंय? मग असं बसा

आधी पडद्यावर कोपनहेगनच आहे ना, ते बघून घ्या. ‘द किलिंग’ शोधलंत की सिएटलमध्ये घडणारी अमेरिकन मालिकाही पुढ्यात येते. आपल्याला हवी ती २००७ची डॅनिश, सोफी ग्रोबोलची. सारा लुंड ही तिने केलेली पोलीस तपास अधिकारी.

डॅनिशचं अक्षर कळत नाही, म्हणजे नजर सबटायटलवरून हलवायची सोय नाही. भाजी निवडणं, फोन, सगळं बाजूला. मी विणायला घेते, पण साधं सुलट-उलट. टाके मोजायची नक्षी असली की संवाद गेलाच. (साराच्या त्या फेरो बेटांच्या स्वेटरची नक्षी तर मालिका संपेपर्यंत सुरूच करू नका.)

वहीच्या पानावर तीन रकाने आखा: पोलीस, नगरपालिका आणि बिर्क लार्सन कुटुंबाचं घर. त्या घरातल्या नाना नावाच्या मुलीचा मृतदेह ज्या गाडीत सापडतो, ती महापौरपदाचा उमेदवार ट्रोल्स हार्टमनच्या प्रचारातली निघते आणि तिन्ही रकाने एकमेकांत गुंततात. नावं लिहिली नाहीत तर चौथ्या भागात ‘हा कोण?’ सुरू होतं. नटांची नावं मात्र इंटरनेटवर शोधू नका, खुनी तिथेच कळेल.

पहिल्या सीझनचे भाग वीस. एक भाग म्हणजे तपासाचा एक दिवस, म्हणून रोज एकच बघा. डेन्मार्कमध्येही पहिले दहा दाखवून पुढचे दहा शरद ऋतूत दाखवले होते.

साराचा खरं तर नोकरीतला शेवटचा दिवस असतो. मुलाला घेऊन स्वीडनला जायचं ठरलंय, तिच्या जागी मायर रुजूही झालाय, आणि बाई निघणं पुढे ढकलतेच आहे. मुलाचं बोलणं अर्धवट सोडून ती फोन उचलते. चिडा खुशाल, माझी बहीण तर रोज तिला शिव्या घालायची.

खुनी ओळखायच्या नादाला लागू नका, दर दोन-तीन भागांनी संशयित बदलतो. आई पेर्निल आणि बाबा टाइस स्वयंपाकघरात नुसते बसलेले असतात, ते प्रसंग कंटाळवाणे वाटले तरी पुढे पळवू नका. बाकीच्या मालिका मेलेल्या मुलीचं घर पहिल्या भागानंतर विसरतात. इथे वीसही भाग आपण त्या घरात जातो.

दुसरा (२००९) आणि तिसरा (२०१२) सीझन दहा-दहा भागांचे, ते सवडीने बघा. तिसऱ्याचा शेवट मात्र एकट्याने बघू नका. त्यावर भांडायला कुणीतरी लागतंच, आमच्याकडे अजून चाललंय.