छान तरंगणारं कागदी विमान कसं करायचं

वहीचं मधलं पान फाडून केलेलं टोकदार विमान सगळ्यांनीच उडवलंय. ते सुसाट सुटतं आणि दोन बाकांपलीकडे जाऊन नाकावर आपटतं. इथे दिलंय ते बोथट नाकाचं विमान आहे. दिसायला तेवढं रुबाबदार नाही, पण हलक्या हाताने सोडलं तर खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत संथ तरंगत जातं, आणि सहा-सात वर्षांच्या पोरांनाही जमतं. या घडीला ‘नाकामुरा लॉक’ म्हणतात. यात कागदाचं एक छोटं टोक बाकीच्या घड्या धरून ठेवतं, त्यामुळे चिकटपट्टी किंवा स्टेपलर लागत नाही.

आधी कागद. झेरॉक्सचा ए-फोर कागद सगळ्यात चांगला, 70 किंवा 75 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). एका बाजूने छापलेला, रद्दीत निघालेलाही चालेल. 75 जीएसएमचा एक कागद पावणेपाच ग्रॅमच्या आसपास भरतो, आणि या विमानाला तेवढंच वजन पुरतं. वर्तमानपत्र लुळं पडतं. कॅलेंडरच्या जाड पानाच्या घड्या फुगतात आणि नाकाशी नीट बसत नाहीत.

साताऱ्यात राहणाऱ्यांनी पावसाळ्यात आणखी एक सांभाळायचं. जुलै-ऑगस्टमध्ये टेबलावर उघडा पडलेला कागद हवेतला ओलावा ओढून घेतो. अशा सर्द कागदावर घडी बसते, पण टिकत नाही, आणि चार फेऱ्यांत पंख खाली लोंबायला लागतात. कागद आयत्या वेळी रिममधून काढावा. सर्द झालाच असेल तर कोऱ्या कागदावरून कोमट इस्त्री एकदा फिरवावी.

आता घड्या. फरशीवर किंवा टेबलावरच घालाव्यात, मांडीवर घालू नयेत. प्रत्येक घडी आधी बोटाने बसवायची आणि मग नखाने किंवा पट्टीच्या कडेने कडक करायची.

पहिली घडी: कागद उभा धरून मधोमध उभा दुमडा आणि परत उलगडा. पुढचं सगळं या मधल्या रेघेवर अवलंबून आहे.

दुसरी: वरचे दोन्ही कोपरे मधल्या रेघेला भिडवा. वर एक त्रिकोण तयार होईल.

तिसरी: तो अख्खा त्रिकोण त्याच्या तळाशी खाली दुमडा. त्याचं टोक आता मधल्या रेघेवर, खालच्या दिशेला येईल. कागदाची लांबी 19 सेंटिमीटरच्या आसपास उरते.

चौथी घडी सावकाश घाला, कारण विमान बिघडतं ते इथेच. त्रिकोणाच्या टोकापासून अडीच सेंटिमीटर वर, मधल्या रेघेवर पेन्सिलीने ठिपका द्या. वरचा डावा कोपरा उचलून बरोबर त्या ठिपक्यावर आणा, एका अंगठ्याने तिथेच दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने घडी बाहेरच्या दिशेने दाबत न्या. उजव्या कोपऱ्याचं तसंच. दोन्ही कोपरे ठिपक्यावर एकमेकांना टेकले पाहिजेत, एकावर एक चढता कामा नयेत. बरोबर जमलं की वर सुमारे साडेचार सेंटिमीटरची सरळ कड राहते आणि खाली त्रिकोणाचं टोक डोकावतं. वरची कड म्हणजे विमानाचं नाक.

पाचवी: डोकावणारं टोक वर दुमडून त्या दोन कोपऱ्यांवर बसवा. हे झालं कुलूप.

सहावी: आता विमान मधल्या रेघेवर उलट्या बाजूने दुमडा. कुलूप बाहेरून, पोटाच्या बाजूला दिसलं पाहिजे. मुलं हटकून ते आत टाकतात, म्हणून ही घडी त्यांच्यासमोर एकदा करून दाखवावी.

सातवी, पंखांची: नाकाच्या वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून, पोटाच्या कडेला समांतर अशी घडी शेपटीपर्यंत न्या. पोटाची उंची पुढे आणि मागे सारखीच, साधारण सव्वादोन सेंटिमीटर हवी. विमान उलटं करून दुसरा पंख पहिल्यावर कडेला कड जुळवून दुमडा. दोन पंखांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडला तरी विमान एका बाजूला वळतं.

पंख उघडून विमान मागून बघा. पंख आडवे सपाट न ठेवता किंचित वर उचललेले ठेवायचे, म्हणजे मागून पसरट ‘वाय’ दिसतो. उडताना विमान एका बाजूला कलंडलं की ते त्या बाजूला घसरतं. पंख असे वर असले की खालच्या पंखाला जास्त उचल मिळते आणि विमान आपोआप सरळ होतं. हा उंचावा गेला की विमान गिरकी घेऊन पडतं, म्हणून दर दोन-तीन फेऱ्यांनंतर बघून पंख परत उचलावेत. मग पंखांखाली दोन बोटांवर विमान तोलून बघा. ते नाकापासून आठेक सेंटिमीटरवर, म्हणजे लांबीच्या मध्याच्या थोडं पुढे तोललं जायला हवं. सगळ्या घड्या पुढे घातल्या त्या याचसाठी.

घड्या झाल्या म्हणजे विमान झालं असं समजून बरेच जण थांबतात. माझ्या मते खरी गंमत पुढेच आहे, आणि मुलांना विज्ञान शिकवायचं तर तेही इथेच. विमान खांद्याच्या उंचीवर, तोल साधतो तिथे पोटाला धरा. नाक जमिनीला समांतर किंवा जरासं खाली ठेवा. हात पुढे नेत नेत चिमूट सैल करा. झटका द्यायचा नाही. मग ते कसं जातं ते नीट बघा.

नाक खाली घालून पडत असेल तर दोन्ही पंखांची मागची कड बोटांनी दोन मिलिमीटर वर वाकवा. वर चढून, मध्येच थबकून धपकन खाली येत असेल तर ती कड थोडी खाली आणा. डावीकडे वळत असेल तर उजव्या पंखाची मागची कड जराशी वर, उजवीकडे वळत असेल तर डाव्या पंखाची. एका वेळी एकच बदल करा आणि पुन्हा सोडा, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. वर वाकवलेल्या कडेचं विमान जोरात फेकलं तर ते कोलांटी घेऊन मागे येतं. पोरांना हेच फार आवडतं, पण लांब न्यायचं तर हात हलकाच हवा.

उडवायचं कुठे? साताऱ्याचं वारं साधं नाही. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. पाच ग्रॅमच्या कागदाला गच्चीवरची झुळूकही जड जाते. शाळेचा लांब व्हरांडा किंवा रिकामं मंगल कार्यालय उत्तम. बाहेरच जायचं तर हिवाळ्यात सकाळी लवकर, वारा पडलेला असताना एखादं मैदान गाठावं. साताऱ्यातल्या टेकडीवरच्या ‘चार भिंती’ स्मारकावरून विमान सोडायचा मोह होतो, कारण उताराला धडकलेला वारा वर चढतो आणि विमान उचलून धरतो. पण ते खाली झाडीत गेलं की परत आणता येत नाही. कास पठारावर तर मुळीच सोडू नये. आपला कागद त्या फुलांमध्ये का टाकायचा?

मुलं थोडी तरबेज झाली की त्यांना विक्रमांचं सांगा. 2012 मध्ये जॉन कॉलिन्स यांनी घडवलेलं आणि जो अयूब यांनी फेकलेलं कागदी विमान 69.14 मीटर गेलं. डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेतल्या तीन तरुणांचं विमान 88.318 मीटर गेलं. क्रिकेटच्या चार खेळपट्ट्या सलग मांडल्या तरी त्याच्या पुढे. हवेत टिकण्यात जपानचे ताकुओ तोडा यांनी 2010 मध्ये 29.2 सेकंद गाठले. लांब जाणारी विमानं निमुळती असतात आणि ताकदीने फेकली जातात. हवेत रेंगाळणारी विमानं रुंद पंखांची असतात. आपलं विमान या दुसऱ्या घराण्याजवळचं आहे, म्हणून घरी स्पर्धा लावायची तर अंतराची न लावता सेकंदांची लावावी. मोबाइलमधलं स्टॉपवॉच पुरेसं आहे.

भिंतीला धडकून नाक चेपलं तर विमान फेकून देऊ नका. नाकाच्या घड्या सोडवून सरळ करा, पट्टीने पुन्हा दाबा, तोल बघा. रात्रभर जाड पुस्तकात ठेवायचं असेल तर पंख मिटून, शेपटीची वाकवलेली कड पुस्तकाबाहेर राहील असं ठेवा.