क्लबच्या मैदानावर आरसी विमान कसं उडवावं: आधी बोटं सांभाळा, मग विमान

आरसी, म्हणजे रेडिओने चालवायच्या छोट्या विमानांच्या क्लबच्या मैदानावर नवीन माणूस आला की त्याची नजर आभाळात असते. विमान पडेल का, कुणाच्या डोक्यावर येईल का, ही त्याची भीती. भीती खोटी नाही. पण मी आजवर मैदानावर जेवढं रक्त पाहिलं, ते सगळं जमिनीवर उभ्या असलेल्या विमानांनी काढलेलं. माझ्या उजव्या तर्जनीवर चार टाक्यांची खूण आहे, आणि ते विमान त्या दिवशी उडालंसुद्धा नव्हतं. म्हणून इथे उड्डाणापेक्षा त्याआधीच्या अर्ध्या तासाबद्दल जास्त लिहितो आहे.

दहा इंची पंखा (प्रोपेलर) मिनिटाला १०,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी ४८० किलोमीटरच्या आसपास असतो. दोन पात्यांचा पंखा असेल तर एका सेकंदात तीनशेहून जास्त वेळा पातं त्याच जागेवरून जातं. डोळ्याला मात्र फक्त एक धूसर चकती दिसते, आणि कोवळ्या उन्हात तीही दिसत नाही.

हवेतल्या विमानाचा हिशेबही एकदा मांडून ठेवा. दोन किलोचं विमान ताशी ७२ किलोमीटरने येऊन आदळलं, तर तो मार सहा-सात मजली इमारतीच्या गच्चीवरून दोन किलोचा दगड पडल्याइतका असतो. ‘फोमचंच तर आहे’ असं म्हणणारे विसरतात की मोटर आणि बॅटरी हे कडक, जड भाग नेमके नाकाशी बसवलेले असतात.

आदल्या दिवशी, घरी

बॅटरी चार्ज करताना चार्जरवर तीन गोष्टी नीट बघा: प्रकार लिपो (लिथियम पॉलिमर) आहे ना, सेलची संख्या बरोबर आहे ना, आणि करंट किती लावलाय. बॅटरीवर वेगळं काही लिहिलं नसेल तर २२०० एमएएचच्या बॅटरीला २.२ अँपिअर, ५००० च्या बॅटरीला ५ अँपिअर. साध्या लिपोचा एक सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो, म्हणजे तीन सेलची बॅटरी १२.६ ला. चार्जिंग लावून झोपायला जाऊ नका, बाहेरही जाऊ नका. बॅटरी फरशीवर किंवा अग्निरोधक पिशवीत ठेवा. सोफा, गादी, लाकडी कपाट यांपासून लांब. फुगलेली बॅटरी ‘अजून एक-दोन फ्लाइट देईल’ म्हणून वापरू नका. देतेही कधीकधी, म्हणून तर लोकांना सवय लागते.

ट्रान्समीटरची, म्हणजे हातातल्या रेडिओची, बॅटरी भरायला हमखास विसरलं जातं. तीही बघा.

मग विमान मांडीवर घेऊन बसा. प्रत्येक एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी), एलिव्हेटर (शेपटीची आडवी पट्टी), रडर (शेपटीची उभी पट्टी) बोटांत धरून हलकेच ओढा. बिजागरी सुटत आली असेल तर ती आत्ता सुटू दे. सर्व्होकडून (या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरकडून) येणाऱ्या तारांच्या टोकाच्या चिमट्यांवर सिलिकॉन नळीची छोटी रिंग चढवलेली आहे का बघा. पंख्यावर नख फिरवा. बारीकशी चीर लागली तरी तो पंखा मोडून टाका. नुसता कचऱ्यात टाकला तर कुणीतरी उचलून लावतो. चिकटवलेला पंखा तर कधीच वापरू नका.

तोल म्हणजे सीजी, विमानाचा गुरुत्वमध्य. विमानासोबत आलेल्या कागदावर जागा दिलेली असते. नसेल तर साध्या विमानात पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर बोटं टेकवून विमान उचला. ते आडवं किंवा किंचित नाकाकडे झुकलेलं राहायला हवं. शेपूट जड असलेलं विमान जमीन सोडताच नाक वर काढतं आणि मग कुणाचं ऐकत नाही. हा तोल बघताना बॅटरी आत हवी, आणि उद्या जिथे बसणार तिथेच बसवलेली हवी.

मैदानावर पोचल्यावर

लगेच सामान सोडू नका. पाच मिनिटं उभं राहून बघा. वारा कुठून येतोय, विमानं कुठल्या दिशेने फेरी मारताहेत, पायलट कुठे उभे आहेत, पिट (विमानं तयार करायची जागा) कुठे, बघे कुठे. सगळ्या क्लबांत एक रेषा ठरलेली असते, जिला फ्लाइट लाइन म्हणतात. तिच्या पलीकडे विमानं, अलीकडे माणसं. विमान रेषेच्या या बाजूला आलं की चूक झाली, मग ते कितीही सुंदर उडत असो.

उंचीची मर्यादा आणि नोंदणी यांचे नियम देशाप्रमाणे बदलतात. बऱ्याच ठिकाणी १२० मीटर, म्हणजे ४०० फूट, ही वरची हद्द आहे. तुमच्या मैदानाची हद्द सेक्रेटरीला विचारा आणि लिहून घ्या.

आजचे बहुतेक रेडिओ २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. ते आपापसांत वाट काढतात, त्यामुळे दोघांनी एकदम चालू केले तरी भांडण होत नाही. पण कुणाकडे ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्झचा जुना, लांब अँटेनाचा सेट असेल, तर क्लबच्या फळ्यावर आपल्या चॅनेलची पिन घेतल्याशिवाय बटणाला हात लावू नका. त्याच चॅनेलवर दुसरा उडवत असेल, तर तुमचं बटण चालू होताच त्याचं विमान खाली.

पिटमध्ये, क्रमाने

१. विमानाचं नाक माणसांकडे नको, रनवेकडे हवं. विमान अडवून ठेवा: स्टँड, शेपटीच्या आडव्या पंखांपुढे ठोकलेल्या दोन खुंट्या, नाहीतर मित्राचे हात. पंख्याच्या समोर किंवा बाजूने, त्याच्या फिरण्याच्या पातळीत, कुणी उभं राहणार नाही. पातं तुटलं तर ते त्याच पातळीत उडतं.

२. आधी ट्रान्समीटर चालू करा. पडद्यावर विमानाचं नाव वाचा, मोठ्याने वाचलं तर उत्तम. एकाच रेडिओत दहा विमानं साठवलेली असतात आणि गेल्या रविवारचं विमान तिथे अजून बसलेलं असू शकतं. थ्रॉटल (मोटरचा वेग ठरवणारी काडी) पूर्ण खाली, थ्रॉटल कटचं बटण मोटर बंद ठेवणाऱ्या बाजूला.

३. मग विमानाची बॅटरी जोडा, पंख्याच्या मागून. जोडताना तुमचा हात किंवा मनगट फिरण्याच्या चकतीतून जाता कामा नये. बॅटरी जोडली त्या क्षणापासून मोटर चालूच आहे असं समजा. इंजिन निदान आवाज करून सांगतं; इलेक्ट्रिक मोटर गप्प बसलेली असते आणि एका क्षणात पूर्ण जोर लावते. पंखा अडला तरी ती थांबत नाही, पुन्हा पुन्हा फिरायला बघते.

माझ्या तर्जनीची गोष्ट इथलीच. बॅटरी जोडली, ट्रान्समीटर गवतावर उभा ठेवला आणि बॅटरीवरचं झाकण लावायला वाकलो. वाऱ्याची झुळूक आली, ट्रान्समीटर तोंडावर पडला, थ्रॉटलची काडी जमिनीला टेकून वर सरकली. थ्रॉटल कट तेव्हा मी सेटच केलेला नव्हता. आवाज ऐकू आला तेव्हा बोट आधीच कापलं होतं. तेव्हापासून माझा ट्रान्समीटर जमिनीवर आडवा, पाठीवर झोपलेला असतो. गळ्यातला पट्टाही पिटमध्ये काढून ठेवतो, कारण वाकलं की त्याचं टोक बरोबर पंख्याशी लोंबतं.

४. आता विमानाच्या मागे उभं राहून दिशा तपासा. स्टिक उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन वर जायला हवा, डावा खाली. एलिव्हेटरची स्टिक स्वतःकडे ओढली की एलिव्हेटर वर. रडर उजवीकडे दिला की त्याचं मागचं टोक उजवीकडे. ‘हलतंय’ एवढं बघून समाधान मानू नका. आमच्यातल्या एका अनुभवी माणसाने दुरुस्तीनंतर दोन्ही एलेरॉनच्या वायरी विमानातल्या रिसीव्हरमध्ये उलट लावल्या. पिटमध्ये त्याने स्टिक गरागरा फिरवून बघितली, सगळं हललं. टेकऑफनंतर विमान किंचित डावीकडे कललं, त्याने सावरायला उजवीकडे दाबलं, ते आणखी डावीकडे गेलं, त्याने आणखी दाबलं. तीन सेकंदांत खेळ संपला. एक सोपी खूण: स्टिकच्या वरच्या टोकावर अंगठा उभा धरा आणि स्टिक बाजूला न्या. ज्या बाजूला अंगठा गेला, त्या बाजूचा एलेरॉन अंगठ्यासारखाच वर उभा राहतो.

५. रेंज चेक. रेडिओत त्यासाठी वेगळी कमी ताकदीची सोय असते. ती लावून साधारण तीस पावलं लांब जा, मित्राला विमान धरायला सांगा आणि एलेरॉन, एलिव्हेटर, रडर हलवून बघा. मोटर बंद असताना आणि चालू असताना, दोन्ही वेळा. थरथर किंवा उशीर जाणवला तर आज उडवायचं नाही. अँटेनाचं टोक विमानाकडे रोखू नका. टोकाच्या दिशेला सिग्नल सर्वांत क्षीण असतो.

६. फेलसेफ. सिग्नल तुटला तर मोटर बंद व्हायलाच हवी. तपासायचं कसं? पंखा काढून ठेवा, थ्रॉटल थोडा वर करा आणि ट्रान्समीटर बंद करा. मोटर थांबली तर ठीक. फिरतच राहिली तर फेलसेफ सेट नाही, आणि असं विमान हातातून निसटलं तर बॅटरी संपेपर्यंत कुठेही जाऊ शकतं. नवीन रिसीव्हर बाइंड केल्यावर, म्हणजे रेडिओशी जोडल्यावर, हे परत तपासायचं. हीच पायरी लोक सर्वांत जास्त गाळतात.

ग्लो इंजिनवाल्यांना, म्हणजे इंधनावर चालणारं छोटं इंजिन लावणाऱ्यांना, दोनच गोष्टी सांगतो. पंखा बोटाने फिरवून इंजिन सुरू करू नका, काठी किंवा स्टार्टर वापरा. आणि सुरू झालं की इंधनाची सुई फिरवायला, ग्लो प्लगची क्लिप काढायला पंख्यामागे जा. पंख्यावरून हात पुढे नेऊन क्लिप काढणारे मी पाहिलेत. दहा वेळा जमतं.

रनवेवर आणि हवेत

पायलटांच्या ठरलेल्या जागेवरच उभे राहा, सगळे जवळजवळ. लांब उभ्या माणसाची हाक ऐकू येत नाही, आणि मैदान हाकेवर चालतं. ‘टेकऑफ!’, ‘लँडिंग!’, ‘रनवेवर माणूस!’, ‘डेडस्टिक!’ हे शब्द लाजत पुटपुटायचे नाहीत, ओरडायचे. समोरून ‘ठीक’ असं उत्तर आलं की मगच पुढे.

टेकऑफ वाऱ्याच्या तोंडावर, आणि पहिलं वळण माणसांपासून दूर. नवीन असाल तर पहिली बरीच उड्डाणं बडी बॉक्सवर, म्हणजे शिकवणाऱ्याचा रेडिओ तुमच्या रेडिओला जोडून करा. त्यात कमीपणा नाही. विमान तुमच्याकडे तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटं वाटतं आणि नवशिक्याची विमानं इथेच पडतात. त्यावर एकच उपाय लक्षात ठेवा: जो पंख खाली झुकलाय, त्या बाजूला स्टिक न्या, जणू काडीने पंखाला टेकू देताय.

सूर्याच्या आड विमान नेऊ नका. गेलंच तर सूर्याकडे बघत बसू नका, हाताने सूर्य झाका आणि वळण आहे तसं धरून ठेवा, ते दुसऱ्या बाजूने बाहेर येतं. शेजारी एक माणूस फक्त आभाळ बघायला ठेवा. खरं विमान किंवा हेलिकॉप्टर दिसलं की तो सांगेल, आणि तुम्ही ताबडतोब खाली येऊन बाजूला व्हायचं. त्यांच्या पायलटला तुमचं विमान दिसत नाही.

टायमर लावा, आणि बॅटरीत पाचवा हिस्सा शिल्लक असताना उतरा. पहिलं लँडिंग चुकलं तर पुन्हा फेरी मारायला तेवढी ताकद लागते.

मोटर हवेतच बंद पडली की ‘डेडस्टिक!’ अशी हाक द्यायची. मग रनवे त्या विमानाचा, बाकीचे थांबतात. पण हा हक्क रनवेपुरता आहे. विमान रनवेपर्यंत पोचत नसेल तर पलीकडच्या झुडपात घाला. पिटवरून वळवून वाचवायचा मोह प्रत्येकाला होतो, आणि नेमका तोच मोह आवरायचा असतो. काहीही बिघडलं, विमान दिसेनासं झालं, ताबा सुटला, तर पहिलं काम थ्रॉटल बंद. पडणारच असेल तर पंखा थांबलेला असू दे.

उतरल्यावर

पंखा फिरवत विमान पिटमध्ये आणू नका; हद्दीपाशी मोटर बंद, मग उचलून. आधी विमानाची बॅटरी काढा, नंतर ट्रान्समीटर बंद करा. सुरू करतानाच्या नेमका उलटा क्रम.

विमान आपटलं असेल तर पळत सुटू नका. थ्रॉटल कट, ट्रान्समीटर चालूच, ‘रनवेवर माणूस!’ अशी हाक, आणि उत्तर आल्यावर चालत जा. तुकडे गोळा करण्याआधी बॅटरी सोडवा. मातीत रुतलेली मोटर अजून फिरायला बघत असू शकते. ती बॅटरी, वरून धड दिसली तरी, गाडीत किंवा बॅगेत टाकू नका. वाळलं गवत नसलेल्या मोकळ्या जमिनीवर, माणसांपासून लांब ठेवा आणि निदान वीस मिनिटं लक्ष ठेवा, कारण आतला बिघाड कधीकधी उशिरा पेट घेतो. मी सगळं सामान भरून झाल्यावर शेवटी तिच्याकडे जातो. हाताची पाठ जवळ नेऊन ऊब येते का बघतो. ऊब लागली, किंवा सकाळपेक्षा जराही जाड दिसली, तर ती त्या दिवशी माझ्या गाडीत बसत नाही. क्लबच्या वाळूच्या बादलीत जाते.