रेडिओवरचं गाणं आणि जर्मनीहून आलेली यादी

निपाणीच्या आमच्या घरात आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात जर्दा आणि ओलसर तेंदूची पानं, शेजारी कातर आणि पत्र्याचा साचा. साचा पानावर ठेवायचा, कातर फिरवायची, चिमूटभर जर्दा, बोटांचं एक वळण, तोंड दुमडलं की दोरा. हात चालू तसा रेडिओ चालू. पुढे मी पहिली डॉक्युमेंट्री विडीकामगार बायकांवरच करायला घेतली, तेव्हा शूटिंगच्या वेळी रेडिओ बंद करावा हे मला सुचलंच नाही. तो आवाज म्हणजे माझ्या लेखी त्या खोलीची भिंतच होती.

सीमाभागातल्या कॉलेजांतून मास कम्युनिकेशन करून या धंद्यात येऊ बघणारी पोरं मला फोन करतात. कॅमेरा कुठला घ्यावा, फंड कुठे मिळतो, असं विचारतात. कॉपीराइटचं कुणीच विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं, आणि त्याची फी भरली. ती कुठे कुठे भरली ते सांगते.

कोलकात्यात एका पिचिंगला, म्हणजे निर्मात्यांसमोर फिल्म मांडायच्या कार्यक्रमात, माझी फिल्म एका जर्मन निर्मात्याला आवडली. माणूस चांगला, शब्दाचा पक्का. सहनिर्मितीचं ठरलं, रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जुळणी, गेला, आणि तीन आठवड्यांनी त्याच्या वकिलाची अकरा पानांची यादी आली. कुठल्या सेकंदाला काय दिसतंय, काय ऐकू येतंय, आणि त्याचा कागद कुठे आहे? वर शब्द होता ‘चेन ऑफ टायटल’. मी तो पहिल्यांदाच वाचत होते. पण आपल्याकडे जमिनीचा उतारा बघितलेल्या माणसाला ही गोष्ट समजायला वेळ लागत नाही. मूळ मालक कोण, त्याच्याकडून कुणाकडे आली, वाटणी कधी झाली, फेरफार कुठला. हाच उतारा सिनेमाचा काढायचा. फरक एवढाच की सिनेमात एकाच शेताचे दोनशे तुकडे असतात.

यादीत सगळ्यात वर होता रेडिओ. एका आजींचा चार मिनिटांचा अखंड शॉट होता, मागे जुनं मराठी सिनेमाचं गाणं, आणि त्यांचा हात नेमका ठेक्यावर पडत होता. मला वाटायचं, फिल्मचा जीव त्या चार मिनिटांत आहे. वकिलाच्या लेखी तिथे तीन वेगवेगळे हक्कदार बसले होते: गाण्याचे शब्द आणि चाल ज्यांची ते, ध्वनिमुद्रण ज्या कंपनीचं ती, आणि ते प्रसारित करणारं केंद्र. शब्द-चालीसाठी सिंक लायसन्स, रेकॉर्डिंगसाठी मास्टर लायसन्स, दोन्ही वेगळी. कंपनीला ईमेल केला. जगभर, सर्व माध्यमं, कायमस्वरूपी, असा दर मागितला. जो आकडा आला तो माझ्या पूर्ण साउंडच्या बजेटपेक्षा मोठा होता.

मी वाद घातला. गाणं मी लावलं नव्हतं, ते आपसूक मागे वाजत होतं, मग पैसे कसले? इथे मी दोनदा आपटले. पहिलं म्हणजे आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२. पार्श्वभूमीला सहज येणाऱ्या गोष्टींना त्यात सूट आहे, पण ती कलाकृतींना, म्हणजे भिंतीवरचं चित्र, पुतळा, फोटो यांना. संगीताला नाही. चौकातला पुतळा तुमच्या शॉटमध्ये आला तर घाबरू नका. त्याच चौकातल्या मंडळाच्या स्पीकरवरचं गाणं आलं तर घाबरा.

दुसरं जास्त महत्त्वाचं. समजा आपल्या कायद्यात सूट असती, तरी फिल्म दाखवली जाणार होती जर्मनीत. कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय बर्न करार १८८६ चा, भारत त्यात १९२८ पासून आहे. त्यामुळे माझ्या फिल्मला तिथे तिथल्या फिल्मसारखंच संरक्षण मिळतं. पण संरक्षण किती आणि कसं, हे ठरवतो जिथे संरक्षण मागितलं जातं त्या देशाचा कायदा. शूटिंग निपाणीला झालं म्हणून निपाणीचा नियम फिल्मसोबत विमानात बसत नाही. ब्रिटनमध्ये सहज आलेल्या संगीताला सूट आहे, पण मुद्दाम घेतलेलं असेल तर नाही. अमेरिकेत फेअर यूज, म्हणजे परवानगीशिवाय रास्त वापर करायची मुभा, आहे, ती चार निकषांवर तोलली जाते. आपल्याकडचं ‘फेअर डीलिंग’ त्याहून अरुंद: खासगी वापर आणि संशोधन, टीका-परीक्षण, चालू घडामोडींचं वार्तांकन, एवढ्याच खणांत बसतं. यूट्यूबवर अमेरिकन वकिलाचा व्हिडिओ बघून ‘दहा सेकंद चालतात’ म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ भेटतात. असा दहा सेकंदांचा नियम अमेरिकेतही नाही.

म्हणून सगळंच कापत सुटायचं असंही नाही. २००५ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्युमेंट्रीवाल्यांनी एकत्र येऊन फेअर यूजचे आपले संकेत लिहून काढले. त्यानंतर विमा कंपन्याही ते धरून चालू लागल्या. हा विमा ‘एरर्स अँड ओमिशन्स’ नावाचा, हक्कांवरून दावा झाला तर खर्च उचलणारा. तो नसेल तर तिकडची बहुतेक चॅनेल फिल्म घेत नाहीत, आणि विमा देणारा तोच उतारा मागतो. ‘हॅपी बर्थडे टू यू’चं प्रकरणही असंच. त्या गाण्याचे पैसे एक संगीत कंपनी वर्षानुवर्षं वसूल करत होती. त्याच गाण्यावर डॉक्युमेंट्री करणाऱ्या एका बाईंनी दावा लावला, २०१५ मध्ये कंपनीचा हक्क कोर्टाने मान्य केला नाही, आणि पुढे १.४ कोटी डॉलरवर तडजोड झाली. मालकी सांगणारा प्रत्येक जण मालक असतोच असं नाही. पण ते कोर्टात सिद्ध करण्याइतका पैसा आणि दम माझ्याकडे नव्हता. आजींच्या लॅपल माइकमध्ये रेडिओ मिसळलेला, वेगळा काढताही येईना. शॉट गेला.

दुसऱ्या शेड्यूलला परत गेलो. रेडिओ बंद केला. आजी म्हणाल्या, “बंद कशाला केलास गं? हात चालंना की.” थोडा वेळ गप्प बसल्या, मग जात्यावरची ओवी गुणगुणायला लागल्या. आईकडून, आजीकडून आलेली, मालक नसलेली. जर्मनीहून लगेच प्रश्न आला: गाणाऱ्या बाईंची सही? बरोबरच होतं. ओवी कुणाची नसली तरी ते गाणं त्यांचं होतं. आपल्या कायद्यात सादर करणाऱ्याचा हक्क वेगळा आहे, ५० वर्षांचा, आणि तो हौशी माणसालाही असतो. लोकगीत आहे, फुकट आहे, असं म्हणत यल्लम्माच्या डोंगरावर चौंडकंवाल्यांचं रेकॉर्डिंग करून निघून जाणारे मी पाहिलेत. फुकट नसतं ते.

सहीवरून आठवलं. आमच्याकडे बाईमाणसाने सही म्हटली की बचत गटाचं कर्ज नाहीतर जमीन, तिसरं काही नाही. मी पहिल्या फेरीत इंग्रजी फॉर्म नेले होते, इंटरनेटवरून उतरवलेले. एका मावशींनी तो उलटा धरला, बघितला आणि विचारला एकच प्रश्न: “ह्यात घर जात न्हाई न्हवं?” त्या दिवशी मला फॉर्म परत बॅगेत घालावे लागले. मग अर्ध्या पानाचा मराठी मजकूर केला, कन्नड बोलणाऱ्या बायकांसाठी कन्नड केला, आणि इंग्रजी भाषांतर मागे जोडलं. सही घेण्याआधी कॅमेऱ्यासमोर मोठ्याने वाचून दाखवायचं, त्या काय म्हणाल्या तेही रेकॉर्ड करायचं. अंगठा असेल तर साक्षीदार त्यांच्या घरातला, माझ्या टीममधला नाही. सीमाभागात कागद कुठल्या भाषेत असावा यावर आमची हयात गेली आहे, त्यामुळे मला वाटलं होतं जर्मन वकील नाक मुरडणार. त्याने उलट लिहिलं की इतकी स्पष्ट संमती त्याला क्वचित मिळते. बेळगावच्या कोर्टाबाहेर मला एकाने प्रत्येक फॉर्म स्टॅम्पपेपरवर नोटरी करायला सांगितलं होतं. त्याची गरज पडली नाही. करून बसले असते तर त्या बायकांनी दारच लावलं असतं.

आता फोटो. निपाणी म्हटलं की १९८१ चं तंबाखू आंदोलन आलंच. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडलं होतं, गोळीबार झाला, माणसं गेली. आमच्या घरात त्या दिवसांवर आजही आवाज खाली घेऊन बोलतात. माझ्याकडे एका वर्तमानपत्राच्या कात्रणातला एक फोटो होता. त्या कचेरीत सहा महिने हेलपाटे घातले. आधी ‘फाइल सापडत नाही’, मग ‘वरून परवानगी लागेल’, मग फोन उचलणंच बंद. शेवटी एका वकील मैत्रिणीने कलम १७ काढून दाखवलं. वर्तमानपत्राच्या नोकरीत असताना काढलेल्या फोटोवर मालकाचा पहिला हक्क असतो, पण तो वर्तमानपत्रा-नियतकालिकात छापण्यापुरता. बाकी बाबतींत, वेगळा करार नसेल तर, हक्क फोटो काढणाऱ्याचाच. म्हणजे मी चुकीच्या दारात उभी होते. फोटोग्राफर वारले होते. मुलगा संकेश्वरला फ्लेक्सचं दुकान चालवतो. त्याने पत्र्याच्या पेटीतून निगेटिव्ह काढून दिल्या, कात्रणात नसलेल्या आणखी चार.

फोटो जुना म्हणजे मोकळा, या समजुतीत राहू नका. २०१२ च्या दुरुस्तीपासून आपल्याकडे फोटोलाही फोटोग्राफरची हयात अधिक ६० वर्षं अशी मुदत आहे. जर्मनीत हयात अधिक ७०. उलट, १९२४ च्या बेळगाव काँग्रेसचे, गांधीजी अध्यक्ष होते त्या अधिवेशनाचे फोटो घ्यायचे झाले तर भारतात हक्काची मुदत केव्हाच संपली आहे. पण चांगला स्कॅन ज्या संस्थेकडे आहे ती पैसे मागू शकते. तो स्कॅनचा, हाताळणीचा दर. त्याला कॉपीराइट समजून ‘जगभर, कायमस्वरूपी’चे पैसे मोजू नका.

करारात मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो एका शब्दाला: लेखक कोण? आपल्या कायद्यात फिल्मचा ‘लेखक’ म्हणजे निर्माता. दिग्दर्शकाला, करारात लिहिलं नसेल तर, फिल्मवर काही नाही. जर्मनीत उलटं, दिग्दर्शक हा फिल्मचा कर्ता मानला जातो, आणि कर्त्याचा मूळ हक्क विकताच येत नाही, फक्त वापराचे हक्क देता येतात. माझ्याकडे दोन्ही टोप्या होत्या म्हणून निभावलं. तुम्ही नुसते दिग्दर्शक असाल आणि बंगळूरचा किंवा मुंबईचा कुणी निर्माता मध्ये असेल, तर परदेशी भागीदार येण्याआधी तुमचा आणि त्याचा कागद झालेला असू द्या. नंतर कुणी करत नाही.

जर्मन निर्मात्याशी आमची वाटणी अशी झाली: युरोपचं विक्रीचं काम त्याच्याकडे, भारतीय उपखंड माझ्याकडे, उरलेल्या जगात ठरलेल्या टक्क्यांनी. त्याच्या पहिल्या मसुद्यात कच्चं फुटेजही दोघांचं होतं. ते मी अडवलं. त्या बायकांनी मला घरात घेतलं होतं, आणि त्यांची न वापरलेली बोलणी माझ्या परवानगीशिवाय उद्या दुसऱ्याच कुणाच्या फिल्ममध्ये दिसावीत हे मला नको होतं. मराठी आणि कन्नड आवृत्ती, आणि गावात, शाळा-कॉलेजात विनातिकीट दाखवायचा हक्क, हेही वेगळं लिहून माझ्याकडे ठेवलं. त्याने हे दोन ओळींच्या ईमेलवर मान्य केलं. मागितलं नसतं तर दिलं नसतं.

आणखी एक चूक जवळजवळ प्रत्येक नवशिक्याची. माझ्या मित्राने आठ दिवस कॅमेरा मोफत केला होता, दोस्तीत. कायदा म्हणतो, मोबदला देऊन तुमच्या सांगण्यावरून फिल्म केली तर पहिला हक्क तुमचा. मोबदलाच नसेल तर वादाला जागा राहते. मी त्याला ५०१ रुपये दिले आणि कागद केला. तो हसला, “लग्नात आहेर घालायलीस काय?” म्हणाला, पण सही केली. त्या कागदावर मुदत आणि प्रदेश दोन्ही लिहिले. आपल्या कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. ‘वापरायला माझी हरकत नाही’ अशा एका ओळीच्या चिठ्ठ्या माझ्याकडे नऊ होत्या. जर्मनीसाठी त्या नऊच्या नऊ कोऱ्या कागदासारख्या. सगळ्या परत करून घ्याव्या लागल्या.

पैशांचं थोडक्यात: बाहेरून येणारी रक्कम देणगी आहे की फी, हे करारात स्पष्ट लिहा, आणि ती खात्यात यायच्या आधी सीएला दाखवा. विदेशी देणगीचा कायदा वेगळा आहे आणि कडक आहे. क्लिअरन्ससाठी, म्हणजे हे सगळे हक्क आणि परवानग्या मिळवायला, बजेटमध्ये वेगळी ओळ ठेवा. मी ठेवली नव्हती, ते पैसे शेवटी कलर ग्रेडिंगमधून, म्हणजे फिल्मचे रंग नीट करायच्या कामातून, गेले, आणि जाणकाराला ते पडद्यावर दिसतं.

संकेश्वरच्या त्या मुलाबरोबर मी पाच वर्षांचं लायसन्स केलं होतं. त्यानेच तसं म्हटलं होतं, “पाच वर्षांचं लिही, पुढचं पुढं बघू.” गेल्या महिन्यात चिकोडीच्या एका कॉलेजातून फोन आला, फिल्म दाखवायची आहे म्हणून. होकार देण्याआधी फाइल उघडली, तर मुदत संपून अकरा दिवस झाले होते. बेळगावहून पाव किलो कुंदा घेतला आणि संकेश्वरला गेले. तो प्रिंटरवर वाकून कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स काढत होता. “पाच वर्षं झाली होय?” म्हणाला. हात पुसले, पेन मागितलं आणि मुदतीच्या रकान्यात स्वतःच दहा लिहिलं.